समुद्राला आलेली साय

आमच्या घरातला समुद्र एका सोमवारी सकाळी नासला.

समुद्र दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच होता. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात, म्हणजे खऱ्या समुद्रापासून अख्खा सह्याद्री मध्ये टाकून, तो मी स्वतः तयार केला होता. नासवण्याचं श्रेयही, आत्या काहीही म्हणो, माझंच आहे.

माझा थोरला भाऊ, दादा, सैन्यात होता. नोकरीतली तीन वर्षं त्याने पोर्ट ब्लेअरला काढली. तिथून तो एक हिरवी ट्रंक आणि समुद्राच्या गोष्टी घेऊन आला, आणि दोन्ही शेवटपर्यंत टिकल्या. तळाला काच लावलेल्या होडीतून खाली बघितलं की दगडांना फुलं आलेली दिसतात, असं तो सांगायचा. मग वहिनीकडे बघून म्हणायचा, "सुमन, एकदा तुला दावतोच." त्या 'एकदा'च्या आड दरवर्षी काहीतरी यायचं. ऊसतोड यायची, म्हैस व्यायला टेकायची, कुणाचं तरी लग्न निघायचं. गेल्या वर्षी दादाच गेला. वहिनीने समुद्र पाहिलेला नाही. पोर्ट ब्लेअरचा नाही आणि घाट उतरून कोकणातलाही नाही.

मी सांगलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. दादा गेल्यावर गावी राहायला आलो. (गाव मला मास्तर म्हणतं. चष्मा आणि पुस्तक एकत्र दिसलं की आमच्याकडे माणसाचा मास्तर होतो.) घरात आम्ही तिघंच. वहिनी, मी आणि ब्याऐंशी वर्षांची आमची आत्या. मला दादाची खोली मिळाली, कारण वहिनी त्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. चहा आणायची, कप उंबऱ्यावर ठेवायची आणि आत न बघता परत जायची.

माझा बेत साधा होता. त्या खोलीत समुद्र करायचा आणि वर्षश्राद्धाच्या आत वहिनीला उंबरा ओलांडून आत आणायचं.

सांगलीत शकीलचं माशांचं दुकान आहे. कॉलेजात असताना त्याने माझ्या ग्रंथालयातून एकही पुस्तक नेलं नव्हतं, त्यामुळे त्याच्या मनात माझ्याबद्दल निखळ आदर होता.

"सर, गोल्डफिश घ्या," तो म्हणाला. "गोड्या पाण्यातला. मरायचं नावच घेत नाही."

"मला समुद्र हवाय."

"समुद्र महाग पडतो सर."

"छोटा समुद्र."

"छोटा तर जास्त अवघड. मोठ्या समुद्रात चूक विरघळून जाते. छोट्यात आपण विरघळतो."

तरी त्याने यादी केली आणि मी ती खोडायला बसलो. नवी टाकी खोडून एका कोपऱ्यावर ओरखडा असलेली जुनी घेतली. पाणी थंड ठेवणारं यंत्र खोडून तिथे 'टेबलफॅन, घरचा' असं लिहिलं. पाण्याचा खारेपणा मोजायचं उपकरण खोडताना मात्र शकीलने माझा हात धरला.

"हे लागतंच सर. समुद्राच्या पाण्याची घनता एक पॉइंट शून्य पंचवीस. जरा इकडंतिकडं झालं की संपलं."

आणि त्या क्षणी, दुकानात उभ्या उभ्या, मला शोध लागला. दुधाची घनताही त्याच्याच आसपास असते. म्हणजे डेअरीत दुधात बुडवतात ती काचेची कांडी, तो लॅक्टोमीटर, मिठाच्या पाण्यात बुडवला आणि आकडा पंचवीस आला, की समुद्र तयार. मी इतका हरखलो की शकीलला दोनदा समजावून सांगितलं.

"सर, असं कुणी केलेलं नाही," तो म्हणाला.

"म्हणूनच."

(कांडी बरोबर निघाली. नंतर मी बाटलीभर पाणी सांगलीला नेऊन त्याच्या उपकरणावर तपासून घेतलं, तेव्हा शकीलने ते पुसून पुन्हा दोनदा पाहिलं. त्या दिवशी मी एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत एकटाच हसत आलो.)

सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे दगड. पावाच्या लादीएवढा, भोकाभोकांचा. त्याच्या भोकांमध्ये डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात आणि तेच पाणी स्वच्छ ठेवतात, म्हणून इंग्रजीत त्याला लाइव्ह रॉक म्हणतात. समुद्रातलं खरं प्रवाळ काढायला कायद्याने बंदी आहे. शकीलने हा सिमेंट आणि शिंपल्यांच्या चुऱ्यातून घरीच ओतला होता आणि वर्षभर जुन्या टाकीत मुरवला होता, लोणच्यासारखा. तो ओला राहणं आवश्यक होतं. तेव्हा भिजलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून, मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो.

"पिशवी गळतीया पावणं," कंडक्टर म्हणाला. "काय हाय आत?"

"दगड."

"सांगलीवरनं दगड? तुमच्या गावातलं संपलं व्हय?"

"हा वेगळा आहे."

"आणि भिजवलाय कशाला?"

"वाळला तर मरेल," मी म्हणालो.

कंडक्टरने तिकीट दिलं आणि तो पुढे सरकला. शेजारचा माणूस मात्र पुढच्या थांब्यावर उठला आणि उतरला नाही, नुसता मागच्या सीटवर जाऊन बसला.

गावात शुद्ध पाण्याचं मशीन आहे. तिथून मी जार भरून आणू लागलो. खोलीचं दार लावून बादलीत पाणी ओतायचं, समुद्री मिठाची पांढरी पावडर घालायची, ढवळायचं, कांडी बुडवायची, पुन्हा पावडर घालायची. पंचवीसचा आकडा आला की मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटे. दगड पाण्यात गेला. पंप लावला. निळसर दिवा लावला. टाकीवरून टेबलफॅनचा वारा सोडला. आता सहा आठवडे नुसतं थांबायचं होतं.

चौथ्या दिवशी आत्या आत आली. आत्यापासून काही लपवता येईल असं घर अजून बांधलं गेलेलं नाही.

"बाळू, ह्यात मासं कुठं हायत रं?"

"यायचेत अजून. दीड महिन्याने."

"मग तू रोज ह्येच्या म्होरं बसून बघतुयास काय?"

"दगड."

आत्याने दगडाकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. भर उन्हाळ्यात घरातला एकुलता एक टेबलफॅन दगडाला लावलेला होता.

"एवढं काय हाय त्यात?"

इथे मी 'जिवंत दगड आहे' एवढंच म्हणालो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. पण पुस्तकांत जन्म गेलेल्या माणसाला पहिला प्रतिशब्द पटत नाही. जिवंत तर झुरळही असतं. हा दगड दिवसरात्र काम करत होता, पाणी राखत होता. त्याला साजेसा शब्द हवा होता. तो मला अचानक सुचला आणि सुचल्याच्या आनंदात मी बोलून मोकळा झालो.

"आत्या, हा साधा दगड नाही. जागृत आहे."

आत्याने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"कवापास्नं?"

"वर्षभर झालं."

"गावला कुठं?"

"सांगलीत."

"कडक हाय का?"

"फार. हात धुतल्याशिवाय जवळ जायचं नाही. उकाडा सोसत नाही, अशुद्ध पाणी चालत नाही. जरा चुकलं की सगळं मरतं." मी मत्स्यालयाबद्दल बोलत होतो. "आणि वहिनीला एवढ्यात सांगायचं नाही."

"माज्या तोंडातनं शबूद जायचा न्हाई," आत्या म्हणाली, आणि जाताना पाठ न दाखवता मागे सरकत गेली. गुडघ्यांमुळे तशी चालत असेल, असं मला वाटलं.

आत्याने शब्द पाळला. वहिनीला ती काही बोलली नाही. दगडाचंही कुणाला सांगितलं नाही, कारण देवाधर्माची गोष्ट फोडू नये असं तिचं मत आहे. उरलेलं सगळं मात्र तिने देवळात, पिठाच्या गिरणीत आणि दवाखान्याच्या बाकावर सांगितलं. आता दगड वगळला तर उरतं ते असं, की आमचा बाळू दार लावून बसतो, पाण्यात पांढरी पावडर कालवतो, दुधाची कांडी बुडवतो, पंचवीस आलं की एकटाच हसतो आणि सुमनला सांगू नको म्हणतो. गावात घरटी दोन म्हशी आहेत. याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी समुद्रात बुडालो होतो. दीड महिन्याने दोन मासे आले, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले, करंगळीएवढे. शकीलच्या टाकीत फुटून वाढलेलं मऊ प्रवाळाचं एक हिरवं बटण आलं. दुसऱ्या दिवशी ते दगडावर उमललं, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. दगडाला फूल आलं होतं. दादा सांगायचा तसंच.

येत्या सोमवारी दादाचा वाढदिवस होता. संध्याकाळी वहिनीला आत बोलवायचं, असं मी ठरवलं.

सोमवारी सकाळी वहिनी डेअरीवरून परत आली ती भरलेली किटली घेऊन.

"दिनकरनं दूध घेतलं न्हाई," ती म्हणाली. दिनकर म्हणजे डेअरीचा सेक्रेटरी.

"का?"

"सांगंना. सगळ्यांम्होरं किटली बाजूला ठिवली आन् म्हणला, वहिनी, मास्तरांना इचारा." तिने किटली ओट्यावर ठेवली. "बावीस वर्सं दूध घालतीया भावजी. कांडी एकदा बी खाली गेली न्हाई. आता म्हशीला इचारू का तुमास्नी?"

वहिनी रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती ओट्याला टेकून नुसती उभी होती. दादा गेल्यापासून रोज सकाळी तिला घराबाहेर काढणारी ती एक किटलीच होती. मी चप्पल घातली आणि निघालो.

डेअरीत दिनकरभोवती कमिटीची पाच-सहा माणसं उभी होती. मला बघून सगळ्यांनी वाट करून दिली.

"मास्तर, तुमी शिकलेली मानसं," दिनकर म्हणाला. "खरं सांगा. तुमच्या घरात पांढरी पावडर हाय का न्हाई?"

"आहे."

"पाण्यात कालवता?"

"कालवतो."

"कांडी बुडवून बघता?"

"बघतो. पंचवीस आणतो."

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढी सरळ कबुली त्यांना अपेक्षित नव्हती.

"पंचवीसच कशापायी?"

"त्याच्या वर गेलं तर मासे मरतील."

माणसं एक पाऊल मागे सरकली.

"दुदात मासं?" मागून एकाने हळूच विचारलं.

आता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मला हसू आलं. (ते तिथे यायला नको होतं.) "दूध नाही दिनकर, ते समुद्राचं पाणी आहे. चल घरी, सगळेच चला. डोळ्यांनी बघा. पाणी इतकं स्वच्छ आहे की टाकीतून पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतं."

दिनकरने डेअरीची कांडी खिशात घातली. आम्ही निघालो. वाटेत आणखी चार जण मिळाले. अंगणात पोचलो तेव्हा वहिनी तिथेच होती. तीही आमच्या मागून आली. मी ऐटीत दादाच्या खोलीचं दार उघडलं.

समुद्र पांढरा शुभ्र होता.

काचेवर हळदकुंकवाची बोटं उमटली होती. पाण्यावर जास्वंदीची दोन फुलं गोल फिरत होती. पंप आपलं काम चोख करत होता, म्हणजे दूध घुसळत होता, आणि वर चांगला दोन बोटं फेस धरला होता. त्यावरून टेबलफॅनचा वारा जात होता. शेजारी ओल्या केसांनी, हातात रिकामी किटली घेऊन आत्या उभी होती.

"कॅलेंडर कंच्या बाजूला म्हणलासा मास्तर?" दिनकरने विचारलं.

दिनकरने पुढे होऊन कांडी बुडवली, डोळा लावला.

"पंचवीस," तो म्हणाला. "अठ्ठावीसच्या खाली, म्हंजी पानी मारलेलं हाय."

"बाळू, तू काळजी करू नगंस," आत्या म्हणाली. "डेरीनं दूध परत लावलं तवाच म्या वळखलं. घरात जागृत दगड ठिवलाय आन् त्येला एकदा बी अभिषेक न्हाई. देव कोपल न्हाई तर काय? आज सोमवार. सगळं दूध वाहिलं बघ." मग तिला माझ्यामागे दिनकर दिसला आणि तिचा चेहरा उजळला. "आलास व्हय रं दिनकर? बघितलंस बाळू, किती झटक्यात पावला. घ्या, तीर्थ घ्या."

तिने टाकीत पळी बुडवली. आमच्या गावातल्या माणसाचा उजवा हात पळी दिसली की आपोआप पुढे येतो, मग तो चौकशीला आलेला का असेना. दिनकरने तीर्थ घेतलं. त्याच्या मागच्या तिघांनीही घेतलं. मी "थांबा" म्हणेपर्यंत ते तोंडात गेलं होतं.

तीर्थ थुंकता येत नाही. चौघेही डोळे विस्फारून, गाल फुगवून माझ्याकडे बघत राहिले आणि मग एकेकाने ते गिळलं. दिनकरच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मास्तर," तो डोळे पुसत म्हणाला, "ही भेसळ न्हाई."

"नाही."

"असली भेसळ कुनी घेनार न्हाई."

"तेच सांगतोय. समुद्राचं पाणी आहे."

"समुद्राचं म्हंजी?" वहिनीने विचारलं.

तिचा आवाज अगदी जवळून आला. मी वळून पाहिलं. गर्दीतून वाट काढत ती खोलीच्या मधोमध येऊन उभी होती, दादाच्या ट्रंकेला हात टेकून. आपण आत आलो आहोत हे तिच्या लक्षातच आलेलं नव्हतं.

"आज संध्याकाळी तुम्हाला दाखवणार होतो वहिनी," मी म्हणालो. "दादा सांगायचा तो. पोर्ट ब्लेअरचा. थोडा लहान."

वहिनीने त्या दुधाकडे पाहिलं.

"मासं हायत ह्यात?"

"दोन."

"मग हुबं काय ऱ्हायलाय?"

मी पंपाचं बटण बंद केलं आणि मासे धरायची जाळी उचलली. तिने पदर खोचला, माझ्या हातातली जाळी घेतली आणि ताकातून लोणी काढावं तसा हात सावकाश फिरवत दोन मिनिटांत दोन्ही मासे बाहेर काढले. मी दोन महिने पुस्तकं वाचून जे शिकलो नव्हतो ते तिला उपजत येत होतं. सुदैवाने आठवड्याला बदलायचं खारं पाणी बादलीत तयार होतं. मासे त्यात गेले, दगड त्यात धुतला गेला. मासे कडेला कलंडल्यासारखे पडून होते. वहिनी बादलीशेजारी उकिडवी बसली आणि बोटाने पाणी हलवत राहिली.

पुढचं दिनकरने हातात घेतलं. डेअरीच्या घासलेल्या कॅनमधून शुद्ध पाणी आलं. अंगणात कॅन मांडले गेले आणि माझ्यावर ज्या गोष्टीचा संशय होता ती सगळ्या कमिटीने मिळून भर उन्हात केली. एक जण पांढरी पावडर टाकत होता, एक ढवळत होता आणि दिनकर डेअरीची अधिकृत कांडी बुडवून ओरडत होता, "चोवीस हाय. आनी मूठभर टाका. टाका की, हात आखडू नगा."

दुपारी टाकी पुन्हा भरली. चारच्या सुमारास एक मासा सरळ झाला, मग दुसरा. संध्याकाळी निळा दिवा लावला तेव्हा पलीकडचं कॅलेंडर वाचता येत होतं. दिनकरने ते मोठ्याने वाचूनही दाखवलं, उद्याची सकाळची वेळ सांगितली आणि म्हणाला, "वहिनी, उद्या पयली किटली तुमची."

मंडळी गेली. वहिनी दादाच्या खुर्चीत बसली. प्रवाळाचं हिरवं बटण मिटून गोळा झालं होतं. ते उघडेल की नाही, मला सांगता येत नव्हतं. आम्ही तिघंही बघत बसलो. अंधार पडायच्या आत त्याची एक कड उलगडली, मग दुसरी.

"दगडाला फूल," वहिनी म्हणाली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "समुद्राचं लय सांगायचं ते. निळा असतुया, हिरवा असतुया. साय येतीया म्हणून कवा बोललं न्हाईत."

त्या खोलीत वर्षभरात पहिल्यांदा दोन माणसं हसली. आधी ती, मग मी. आत्या हसली नाही. ती टाकीकडे रोखून बघत होती.

"बाळू, खरं सांग," ती म्हणाली. "दगड जागृत हाय का न्हाई?"

मी चष्मा पुसला. जिवंत, जागृत, सजीव, चैतन्यमय, असे सगळे शब्द जिभेवर रांगेत उभे राहिले. त्यातला नेमका कोणता वापरावा याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात वहिनी म्हणाली,

"आत्याबाई, पाण्यातला दगड हाय जागृत. चष्मेवाला व्हायचाय अजून."